दातिवऱ्याला बंब कुठून येणार?

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून वैतरणेच्या मुखापलीकडे अर्नाळा स्पष्ट दिसतो. अर्नाळ्याच्या मागे विरार, आणि विरारला महापालिकेचे अग्निशमन दल आहे, बंब आहेत, प्रशिक्षित जवान आहेत. पण मध्ये खाडी. बंबाला यायचे तर महामार्गावर जाऊन वरई फाट्यावरून घाटाने सफाळ्यात उतरायचे आणि मग अरुंद रस्त्यांनी एडवण, कोरे करत किनारा गाठायचा. २०२५ मध्ये मारंबळपाडा ते खारवाडेश्री रो-रो सुरू झाली. तिने प्रवाशांचा मोठा वळसा वाचवला, पण फेरीबोट वेळापत्रकावर चालते आणि घराला आग लागते ती बहुधा अवेळी. उत्तरेकडून पालघर रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर, तारापूर एमआयडीसी त्याच्याही पुढे. रात्री दोन वाजता कोणाच्या तरी पडवीत धूर दिसला, फोन लागला, पलीकडच्याला पत्ता कळला आणि बंब लगेच निघाला, असे सगळे सुरळीत घडले तरी पाऊण तास धरायलाच हवा. बंबाने शहरात ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोहोचावे, असा मापदंड देशपातळीवर मान्य आहे. तो इथे पाळला जात नाही, हा चालकाचा किंवा जवानांचा दोष नाही. नकाशाच तसा आहे.

आगीचे घड्याळ मात्र दरवर्षी वेगाने पळते आहे. अमेरिकेतील यूएल या संस्थेने सारख्याच मापाच्या दोन खोल्या मुद्दाम पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकडाचे आणि कापसाचे सामान होते, दुसरीत आजचे फोम, पॉलिएस्टर आणि प्लास्टिक. पहिली खोली एकदम भडकून पूर्ण ज्वाळांत जायला सुमारे २९ मिनिटे लागली, दुसरीला पावणेचारसुद्धा लागली नाहीत. किनाऱ्यावरच्या घरात आज डोकावले तर सामान दुसऱ्या खोलीतलेच आहे: फोमची गादी, प्लास्टिकच्या खुर्च्या, पीव्हीसीचे छत, कपाटात सिंथेटिक साड्या. त्यात मच्छीमाराचे घर असेल तर पडवीत नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग आणि कोपऱ्यात डिझेलचे कॅन. नायलॉन नुसते जळत नाही, वितळून ठिबकते आणि जिथे ठिबकेल तिथे आग नेते. जुने कुडाचे, पेंढ्याने शाकारलेले घर पेटायला वेळ लागत नसे हे खरे, पण त्याचा धूर छपरातून वर निघून जाई आणि माणूस वाकून बाहेर पडे. स्लॅबच्या घरात, खिडक्यांना पक्के गज बसवलेल्या खोलीत, धुराला वाट नाही आणि माणसालाही नाही. घरच्या आगीत बहुतेकांना ज्वाळांआधी धूरच गाठतो, तोही झोपेत.

ही दोन घड्याळे शेजारी ठेवली की एक गोष्ट मान्य करावी लागते. पालघर जिल्ह्यातल्या दातिवऱ्यासारख्या गावांत घराच्या आगीचा सामना बंब करणार, हे गृहीतच चुकीचे आहे. बंब येईल, यायलाच हवा, शेजारची घरे वाचवेल, धुमसते अवशेष विझवेल. पण पहिल्या घरातला जीव जातो किंवा वाचतो तो पहिल्या दहा मिनिटांत, आणि ती मिनिटे घरच्यांची आणि आळीची असतात. म्हणून आगीची तयारी हा ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यातला विषय व्हायला हवा. त्यासाठी रक्कम, साहित्य आणि जबाबदार माणूस नेमलेला असायला हवा. आज तो कोणाचाच विषय नाही.

कोणाचाच नाही, हे संविधानाच्या अनुसूचीतच दिसते. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि त्यांत सातवा आहे अग्निशमन सेवा. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात शेती आहे, मत्स्यव्यवसाय आहे, पिण्याचे पाणी, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, ग्रंथालये आणि बाजारसुद्धा आहेत. अग्निशमन नाही. म्हणजे गावात वीज नेण्याचा विषय पंचायतीच्या यादीत आहे, त्या विजेने लागलेल्या आगीचा नाही. याचा अर्थ पंचायतीचे हात बांधलेले आहेत असा मात्र नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा स्थानिक प्राधिकरणांवर आपल्या कर्मचाऱ्यांना आपत्तीसाठी प्रशिक्षित करण्याची जबाबदारी टाकतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पंचायती येतात. आपत्ती मदतनिधीच्या केंद्रीय यादीतही पूर आणि चक्रीवादळाच्या बरोबरीने आगीचे नाव आहे. आधार आहे. तो कोणी वापरत नाही, इतकेच.

हा जिल्हा आगीबद्दल बेफिकीर आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट मोठ्या आगींचा अनुभव त्याच्याइतका फार थोड्यांना असेल. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन ८ जण मेले. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमधल्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि करोनाचे १५ रुग्ण गेले. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीजनिर्मिती होते आहे, आणि केंद्राबाहेरच्या आणीबाणीची तालीम ठरावीक वर्षांनी घ्यावी असा नियम आहे. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमही कडक आहे. त्याच्या कक्षेतल्या इमारतीच्या मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पण या साऱ्याचे तोंड कारखान्याकडे, रुग्णालयाकडे आणि उंच इमारतीकडे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये देशभरात आगीच्या अपघातांत ७,४३५ मृत्यू नोंदवले. त्यातले निम्म्याहून अधिक राहत्या घरांत झाले, आणि मृतांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. अणुभट्टीतून किरणोत्सर्ग झाला तर काय करायचे, याची तालीम जिल्ह्याला ठाऊक आहे. कढईतले तेल पेटले तर काय करायचे, याची तालीम कोणी घेतलेली नाही. (पाणी ओतायचे नाही, गॅस बंद करून घट्ट बसणारे झाकण टाकायचे. हे सांगायला अर्धे मिनिट लागते.)

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मग सफाळ्याला अग्निशमन केंद्र द्या, लोकांच्या गळ्यात का घालता? केंद्र द्यावेच. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातून शहरांबाहेर किती पोहोचले, हे आमदार-खासदारांना विचारायलाच हवे. पण केंद्र झाले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर अशा एका छोट्या इमारतीला आग लागली आणि एकाच कुटुंबातले ७ जण मेले. त्याआधी बरोबर वर्षभर, ६ ऑक्टोबर २०२३ ला, गोरेगावच्या सात मजली इमारतीत खालच्या वाहनतळातली आग वर धूर पाठवत गेली आणि लोक जिन्यांत गुदमरले. दोन्ही ठिकाणी देशातल्या सर्वांत जुन्या आणि सक्षम दलांपैकी एक हाकेच्या अंतरावर होते. चेंबूरच्या घराची रचना, म्हणजे खाली जळणारा माल, वर झोपलेली माणसे आणि उतरायला त्याच मालावरून वाट, बोईसरच्या बाजारपेठेत आणि सफाळ्याच्या स्टेशनाबाहेर गल्लीगल्लीत सापडेल. तिथे दुसरी वाट काढणे, निदान वरच्या खिडकीचा एक गज आतून उघडता येईल असा करणे, हे काम बंबाचे नव्हे. ते गवंड्याचे आणि वेल्डरचे आहे आणि ते आग लागण्याआधीच व्हावे लागते.

कारणांकडेही जरा जवळून पाहू, कारण 'शॉर्टसर्किट' हा आपल्याकडे पंचनाम्यातला पूर्णविराम झाला आहे. किनाऱ्यावरच्या घरात मीटरचा बोर्ड बहुधा पडवीत, समुद्राकडे तोंड करून असतो. खारी हवा तारांच्या टोकांवर हिरवट गंज धरते, जोड सैल पडतो, सैल जोड तापतो. दहा वर्षांपूर्वी दोन दिवे आणि एका पंख्यासाठी ओढलेल्या वायरीवर आज फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि मोटार चालते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार गुंडाळली जाते, आणि ती तार गुंडाळणारा घरातला हुशार माणूस समजला जातो. खरे तर त्याने आगीआधीचा शेवटचा पहारेकरी काढून टाकलेला असतो. योग्य क्षमतेचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आणि जमिनीत नीट उतरलेले अर्थिंग, एवढ्यावर यातला मोठा भाग आटोक्यात येतो. यात नवी भर चार्जिंगची आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा गेला. ई-स्कूटर आता सफाळ्यापर्यंत आल्या आहेत, आणि रात्रभर त्या उभ्या राहतात त्या बहुतेक घराच्या एकुलत्या एक दारात.

पूर्वेकडच्या पाड्यांवर चित्र वेगळे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तिथे सिलिंडर पोहोचवला, पण भरलेला सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल विझली नाही. परिणामी एकाच कोपऱ्यात एका हाताला पेटती चूल आणि दुसऱ्या हाताला १४.२ किलोचा सिलिंडर. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला की जमिनीवर पसरतो, आणि चूलही जमिनीवरच असते. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, हे तिच्यावर छापलेल्या तारखेवरून कळते, पण ती तारीख वाचायला कोणी शिकवलेले नाही. मार्च ते मे राब भाजण्याचा हंगाम असतो. सगळी पाने वाळलेली, दुपारचा वारा, आणि घराला टेकून रचलेली पेंढ्याची उडवी. उडवी घरापासून लांब रचणे आणि राब भल्या सकाळी, वारा पडलेला असताना पेटवणे हे जुन्या माणसांना ठाऊक होते. मोकळी जागा कमी झाली तशी ती शिस्तही सुटली.

आता पाणी. याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. आग लागली की पहिले शहाणपणाचे काम म्हणजे वीज तोडणे. घरचा मुख्य स्विच हाताला लागला नाही तर लोक डीपीवरून अख्ख्या आळीचीच वीज घालवतात. त्याच क्षणी वाडीतल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी मुक्या होतात. भोवती केळीच्या आणि नारळाच्या पाणीदार वाड्या, समोर अख्खा समुद्र, आणि हातात मात्र कळशी. दुसरी अडचण बंब आल्यानंतरची. साधारण बंबाची टाकी साडेचार हजार लिटरची. मिनिटाला साडेचारशे लिटरचा एकच फवारा धरला तर दहा मिनिटांत ती रिकामी. पुढचे पाणी कुठून भरायचे? गावात पाणीपुरवठ्याची उंच टाकी असते, पण तिला बंबाची नळी बसेल असे तोंड नसते. अग्निशमन दले ६३ मिलिमीटरचे जोड वापरतात. तसा एक व्हॉल्व्ह टाकीच्या पायथ्याशी बसवणे हे प्लंबरचे काही तासांचे काम आहे. डिझेलवर चालणारा एक सुटा पंप, पन्नास-साठ मीटर नळी आणि हा व्हॉल्व्ह, एवढ्यात गावाची बंबाआधीची आणि बंबानंतरचीही सोय होते. खर्च? गावाच्या वेशीवर उभ्या राहणाऱ्या स्वागत कमानीपेक्षा खचित कमी.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो बहुधा अग्निशमन अधिकाऱ्यांकडूनच येईल: अप्रशिक्षित माणसे आगीत शिरली तर मृतांचा आकडा वाढेल. हे अगदी बरोबर आहे. पण माणसे शिरतातच. कोणत्याही गावात घर पेटले की शंभर लोक बादल्या घेऊन धावतात, पन्नास ओरडतात, चार आत घुसतात आणि आत नक्की किती माणसे होती हे कोणालाच माहीत नसते. प्रशिक्षण देऊन त्यांना आगीत पाठवायचे नाही, त्यांना कुठे थांबायचे हे शिकवायचे आहे. होडीवर वादळात कोणी काय करायचे हे तांडेल सांगतो आणि तिथे वाद होत नाही. आळीतल्या आगीलाही असाच एक सांगणारा हवा. एकाने वीज तोडायची, एकाने १०१ किंवा ११२ ला फोन करून बंबाला वाट दाखवायला नाक्यावर उभे राहायचे, एकाने बाहेर आलेली माणसे मोजायची. आग कमरेच्या वर गेली किंवा खोलीत धूर भरला की विझवणे सोडून बाहेर निघायचे आणि जाताना दार ओढून घ्यायचे, कारण बंद दार आगीची हवा तोडते. भाजलेल्या माणसावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही. हे शेवटचे इथे विशेष महत्त्वाचे, कारण भाजलेल्यांसाठीची मोठी रुग्णालये ऐरोलीला किंवा मुंबईत आहेत आणि तिथवरची वाट बंबाच्या वाटेहूनही लांब.

धूर ओळखणाऱ्या गजराचे काय? ज्या देशांत तो घरोघरी बसला तिथे चालू गजर असलेल्या घरांत आगीमागे मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले आहे. बॅटरीवरचा साधा गजर आपल्याकडेही हजार रुपयांच्या आसपास मिळतो. चुलीच्या घरात तो दिवसभर बोंबलेल आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकला जाईल, ही शंका रास्त आहे. तिथे तो बसवू नये. पण गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या स्लॅबच्या घरात, झोपण्याच्या खोलीत, आणि दुकानावरच्या प्रत्येक घरात तो हवा. सगळ्या घरांना एकच यादी लावायचा हट्ट सरकारी योजनांना शोभतो, गावाने तो धरू नये.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजातला: घर जळाले तर सरकार भरपाई देते की. देते. सध्याच्या केंद्रीय निकषांत झोपडी जळाल्यास ८,००० रुपये आहेत. जाळ्यांचा एक जोडही त्यात येत नाही. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, मृत्यूला ६ लाख आणि नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेला २ लाखांपर्यंत, ग्राहकाला एक पैसाही हप्ता न भरता. पण त्यासाठी जोडणी त्याच पत्त्यावर नोंदलेली हवी आणि अपघाताची खबर वितरकाला ताबडतोब द्यायला हवी. ज्याचे घर नुकतेच जळाले आहे त्याला हे आठवत नाही. म्हणून आळीत जो माणसे मोजायला नेमला, त्याच्याच वहीत वितरकाचा क्रमांकही असावा.

राहिला प्रश्न देखभालीचा, आणि खरी मेख तिथेच आहे. खाऱ्या हवेत न वापरलेला पंप वर्षभरात अडकतो, आणि त्याच्या खोलीची किल्ली संध्याकाळच्या लोकलने विरारला राहायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खिशात असते. यावर उपाय गावाच्या दिनदर्शिकेतच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तरुण घरी, इंजिनांची दुरुस्ती चालू. याच दोन महिन्यांत जाळी घराघरांत येऊन पडलेली असतात आणि ओलाव्याने वायरीत गळती वाढलेली असते, म्हणजे धोकाही जवळ आणि हातही मोकळे. होडीचे इंजिन खोलून जोडणाऱ्यांना सुटा पंप सांभाळणे जड नाही. तो मच्छीमार संस्थेच्या ताब्यात द्यावा, पंचायतीने डिझेलचा खर्च उचलावा, आणि पालघर किंवा तारापूरच्या अग्निशमन दलाला वर्षातून एकदा, जूनच्या एखाद्या दुपारी, गावात बोलवावे. बंब गावाच्या कोणत्या वळणावर अडतो, हेही मग आग लागण्याआधी कळेल. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर पहिली तालीम त्याच पावसाळ्यात होऊ शकते. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे एक लेखी अर्ज एप्रिलमध्येच द्यावा लागेल.